मृतांचे पान

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला म्हणजे येथे राजारामपुरीत घरोघरी म्हाळ होतात. खीर-वड्यांचे पान वाढून गच्चीवर अथवा कौलांवर कावळ्यास घास ठेवितात, आणि मगच घरची मंडळी जेवावयास बसतात. ज्यास पूर्वजाची तिथी ठाऊक नाही, तो सर्वपित्री अमावास्येस हे करितो. अशा समयी एखादा बंधू विचारितो, "पाळकसाहेब, थोरल्या भावाकडे म्हाळ आहे, मी जावे काय?"

ही समजूत केवळ ह्याच देशाची आहे असे नाही. आयर्लंडात सुगी संपून गुरे डोंगरावरून खाली आणीत, तेव्हा ३१ ऑक्टोबरच्या रात्री 'साविन' नावाचा सण लागे. त्या रात्री टेकड्यांची दारे उघडतात, असे तेथील जुन्या कथांत आहे. लोक ख्रिस्ती झाल्यावरही खेड्यांतून त्या रात्री दारास कडी न लाविता, चुलीत विस्तव राखून मृतांची वाट पाहत. रोमन मंडळीत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा व २ नोव्हेंबर हा सर्व मृतांचा दिवस ठरला. ह्याच सणाच्या आदल्या दिवशी, ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी, मार्टिन ल्यूथरने क्षमापत्रांविरुद्ध आपले ९५ मुद्दे मांडिले. पैसा भरल्याने मृताचा आत्मा सुटतो काय, हाही प्रश्न त्यांत होता.

ह्या चालींच्या मुळाशी केवळ भय आहे असे म्हणू नये. प्रीतीही आहे, आणि राहून गेलेल्या कर्तव्याची टोचणीही आहे. दहाव्या दिवशी पिंडास कावळा शिवेना, म्हणजे नातलग हात जोडून म्हणतात, "तुमच्या मुलांस आम्ही अंतर देणार नाही." हे वचन मृतास दिले खरे, पण ते फेडावयाचे कोणापाशी? जिवंतांपाशीच. बाप खाटेवर असता ज्याने त्यास वेळेवर भाकर दिली नाही, त्याचे ऋण कौलावरच्या खिरीने फिटत नाही.

परंतु म्हाळ सोडिला म्हणजे ऋणही सुटले, असे मानणारा आपल्यातील मनुष्य तितकाच चुकतो. विधी टाकिताना कित्येकांनी वृद्ध आईलाही टाकिले आहे.

म्हणून त्या बंधूस मी सांगतो: पिंडदानात भाग घेऊ नका, पण भावाचे दार टाळू नका. आदल्या दिवशी जा, आईजवळ बसा, तिच्या औषधाचा खर्च विचारा, वडिलांच्या कर्जाचा आपला वाटा उचला. मृतांचे पान आपण वाढीत नाही; तर जिवंतांचे पान आपल्यामुळे रिकामे राहू नये.