अलंकार आणि अवयव

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज आणि फार्गो ट्रक जोडले जात. त्या घराण्यातली एखादी जुनी पिकअप लालबाग-परळकडच्या गॅरेजमध्ये नव्याने उभी राहते, तेव्हा इंजिन आणि रंगकाम उरकल्यावर बाजूच्या पत्र्यावर चकचकीत पट्टी बसवण्याचे काम शेवटी हाती येते, आणि तिच्यापाशी एक जुना दार्शनिक प्रश्न उभा ठाकतो : ही पट्टी गाडीचा अवयव की अंगावरचा दागिना?

न्याय-वैशेषिक दर्शनाने संबंधाचे दोन प्रकार मानले. वेगवेगळ्या असू शकणाऱ्या दोन द्रव्यांची जुळणी म्हणजे संयोग, आणि तंतूंत वस्त्र राहते तसा, वेगळा न करता येणारा संबंध म्हणजे समवाय. स्क्रूने बसलेली पट्टी वरवर पाहता संयोगाचीच ठरते. परंतु चाक आणि आस यांचाही परस्परांशी संयोगच असतो, आणि तरीही गाडी त्यांच्यात समवायाने राहते असे याच दर्शनाचे म्हणणे असल्याने केवळ स्क्रूकडे बघून निवाडा होत नाही. शिवाय एक अवयव निखळला की जुना अवयवी, म्हणजे पूर्ण वस्तू, नष्ट होऊन नवा उपजतो, असेही हे दर्शन मानते. मग पट्टी अवयव ठरली, तर पॉलिशसाठी ती उतरवताच गाडी दुसरी होईल. हा निष्कर्ष तर्काला धरून असला, तरी गाडी जपणाऱ्याला तो पटणारा नाही.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन हा भिक्खू मिलिंद राजाला रथाचे भाग एकेक करून विचारतो आणि ‘रथ’ हे त्या साऱ्यांच्या आधाराने चालणारे नाव आहे, असे दाखवतो. त्याच्या यादीत हातात धरायची परोणीही आहे, म्हणजे जी रथाला जोडलेलीच नसते! उलट, काश्मीरच्या काव्यशास्त्रकार मम्मटाने अकराव्या शतकात काव्यातील अलंकारांना गळ्यातल्या हाराची उपमा दिली : हार अंगावर असतो, अंगाद्वारे शोभा वाढवतो, आणि काढला तरी माणूस तोच राहतो.

दसऱ्याला दादरच्या फुलबाजारातून आणलेली झेंडूची माळ गाडीला बांधली जाते, तिला मम्मटाचा हा न्याय नेमका लागू पडतो, कारण ती दोऱ्याने बांधली जाते, सुकली की निघते आणि पत्र्याला ओरखडाही उठत नाही. पट्टीची गोष्ट निराळी आहे. तिच्यासाठी पत्र्याला छिद्र पाडावे लागते, छिद्राच्या कडेवर उघडे लोखंड दिसू लागते, आणि गिरगाव चौपाटीवरून येणारा खारा ओलावा पट्टीमागे साचला की दोन भिन्न धातूंपैकी अधिक क्रियाशील धातू आधी झिजतो. पट्टी स्टेनलेस स्टीलची असेल, तर तो बहुधा गाडीचा पत्राच असतो. ज्या वस्तूच्या चुकीच्या जोडणीने देह कुजतो, तिला उपरी म्हणता येत नाही. म्हणून, दर्शनांनी काहीही म्हटले, तरी छिद्र पाडल्या क्षणापासून पट्टी गाडीचा अवयव होते, असे मानणेच योग्य आहे.

जाणता कारागीर छिद्राची कड आधी प्रायमरने बंद करतो, मग क्लिपखाली रबरी वायसर घालतो आणि त्यानंतरच पट्टी दाबतो. पहिला गंज पट्टीमागे, डोळ्याला न दिसणाऱ्या जागी धरतो. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी एकदा पट्टी उतरवून मागचा पत्रा पाहावा.