दुर्ग कोणासाठीं?

सिंगापूर पडलें तें किनाऱ्यावरील तोफांचीं तोंडें समुद्राकडे होतीं म्हणून, असें सांगण्याचा प्रघात आहे. वस्तुतः बहुतेक तोफा जमिनीकडेही वळवितां येत; परंतु त्यांचे गोळे मुख्यतः जहाजें भेदणारे होते, आणि शत्रु मलायांतून खालीं उतरला. तथापि ही झाली साधनांची चर्चा; आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो कर्तव्याचा प्रश्न.

१० फेब्रुवारी १९४२ रोजीं चर्चिल यांनीं कळविलें कीं, सैन्य वांचविण्याचा किंवा प्रजेची गय करण्याचा विचार न करतां अखेरपर्यंत लढावें. पांच दिवसांनीं, शहराचें पाणी तुटूं लागलें असतां, सेनापति पर्सिव्हल शरण गेले. पुढें जपान्यांनीं हजारों चिनी नागरिकांची कत्तल केली. तेव्हां शरणागतीनें लोक तरले, असें म्हणवत नाहीं. परंतु निर्णयाची नीति केवळ परिणामावरून ठरत नाहीं. आपल्या घरासाठीं मरणाऱ्याची गोष्ट निराळी. हा तट रहिवाशांस विचारून उभारला नव्हता; शिबंदींतील हजारों शिपाई ज्या हिंदुस्थानांतून आले, त्यासही १९३९ सालीं न विचारतांच युद्धांत ओढलें होतें. ज्यांची संमति कधीं घेतली नाहीं, त्यांच्या प्राणांवर आपली अब्रू राखण्याचा अधिकार तट बांधणाऱ्यांस पोंचत नाहीं, असें आमचें मत आहे.