आसाफाच्या नावे पत्र

शास्त्रपाठ : नहेम्या २:१-८



या पाठावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. नहेम्याचे अश्रू, त्याचा उपास, राजापुढे उभे असताना मनातल्या मनात केलेली ती क्षणभराची प्रार्थना, हे सारे संडे स्कूलच्या मुलांनाही ठाऊक असते. आठव्या वचनातील एका माणसापाशी मात्र सहसा कोणी थांबत नाही. तो म्हणजे आसाफ, राजाच्या वनाचा रक्षक. अर्तहशश्त राजाच्या विसाव्या वर्षी, म्हणजे ख्रिस्तपूर्व ४४५ च्या सुमारास, यरुशलेमेस निघालेल्या नहेम्याने राजाकडून या वनाधिकाऱ्याच्या नावे पत्र मागून घेतले. लाकूड कशाकशाला लागणार तेही त्याने सांगितले : गढीच्या वेशींना, शहराच्या तटाला आणि स्वतः राहायच्या घराला.

पाऊस ओसरला की आपल्या मंडळ्यांतून सहलींची बोलणी सुरू होतात. बेळगाव, खानापूर, गोवा या बाजूची तरुण मंडळी तर हमखास रानाकडेच वळते. बेळगावहून फोंड्याकडे जाताना मोले लागते. तेथील भगवान महावीर अभयारण्य व राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटरांचे रान आहे. दूधसागर त्याच रानात. खानापूर तालुक्यात सुमारे १९० चौरस किलोमीटरांचे भीमगड आहे. ते २०११ मध्ये अभयारण्य झाले, आणि म्हादई नदी त्याच रानात उगम पावते. अशा ठिकाणी मुलांना न्यावे, चालवावे, घाम गाळू द्यावा, यात आम्हांला आनंदच आहे. आपला प्रभूही पहाटेस उठून अरण्यात जात असे (मार्क १:३५).

पण चौकीपाशी आपले पाय अडतात. सरकारी वन म्हटले की परवानगी आली, शुल्क आले, पिशव्यांची तपासणी आली. मग कोणी तरी स्तोत्र २४ काढतो : पृथ्वी जर परमेश्वराची आहे, तर या खाकी कपड्यातील माणसाला का विचारायचे? युक्तिवाद मोठा भक्तीचा वाटतो. परंतु त्याच स्तोत्रात, दोनच वचने पुढे, परमेश्वराच्या डोंगरावर चढणारा माणूस कसा असावा हे विचारले आहे, आणि निर्मळ हातांची अट घातली आहे. स्तोत्र उघडलेच आहे तर तेवढे पुढे वाचायला काय हरकत आहे? शिवाय असा युक्तिवाद करायला नहेम्याइतके सबळ कारण कोणाला होते? देवाचे काम, देवाचे नगर, आणि राजा तर परकीय! तरी त्याने पत्र घेतले.

१६ जुलै २०२३ हा प्रभूचा दिवस होता. धबधब्यांवर जीवितहानी झाल्यावर गोव्याच्या वनखात्याने त्या आठवड्यात अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी केली होती. त्या रविवारी मोठ्या संख्येने तरुण दूधसागरकडे निघाले, रुळांवरून चालू लागले. पुष्कळांना अडवून परत पाठवण्यात आले. काहींना उठाबशा काढाव्या लागल्या, आणि ती दृश्ये देशभर फिरली. लोक हसले. आम्हांला हसू आले नाही. त्या गर्दीत आपल्या उपासनेतून उठून गेलेले कोणी नव्हतेच, असे कोणता पाळक छातीवर हात ठेवून सांगेल?

पाठात ज्या शब्दाचे भाषांतर 'वन' असे केले आहे तो मूळ हिब्रूत 'पर्देस' आहे. शब्द इराणी भाषेतून आला. कुंपण घालून राखलेले ठिकाण असा त्याचा मूळ अर्थ. ग्रीकात तोच 'परादेइसोस' झाला. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरकारांनी एदेन बागेसाठी तोच वापरला, आणि वधस्तंभावरील अपराध्याला प्रभूने जे अभिवचन दिले त्यातही तोच आहे (लूक २३:४३). आपल्या मराठी शास्त्रात तेथे 'सुखलोक' असे आहे. म्हणजे त्या सुंदर शब्दाच्या मुळाशीच कुंपण आहे. एदेनातही एक झाड राखीव होते, आणि पुढे काय घडले ते लहान वर्गही सांगेल.

येथे एक गोष्ट स्पष्ट करू. हे आम्ही मौजेसाठी जाणाऱ्यांविषयी लिहीत आहोत. भीमगडात गवाळी, आमगाव अशी गावे आहेत; ज्यांच्या पिढ्या रानातच गेल्या त्यांची गोष्ट निराळी. २००६ च्या वनहक्क कायद्याने असे हक्क मानले आहेत, आणि त्यांच्यासाठी वाचायचा पाठ नाबोथाच्या द्राक्षमळ्याचा आहे (१ राजे २१).

आता शिक्षकांना दोन शब्द. कोणता धबधबा खुला, कोणता बंद, हे वेळोवेळी बदलते. तेव्हा निघण्याआधी वनखात्याकडे चौकशी करा, आणि दार बंद असेल तर मुलांच्या देखत आडवाट विचारू नका. त्या दिवशी जे ती शिकतील ते तुमच्या वर्षभराच्या धड्यांहून खोल जाईल. चूल मांडू नका. राखीव जंगलात विस्तव पेटवण्यावर १९२७ च्या वन कायद्यापासूनच निर्बंध आहे. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात व गोव्याच्या इतर वनांत वणवे पेटले, ते विझवायला हवाईदल व नौदलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली. घरून बांधून नेलेली चपाती-भाजी पुरे. आणि तो ध्वनिवर्धक! आपली गीते कितीही गोड असोत, गव्यांनी ती मागितलेली नाहीत. घटकाभर मुलांना गप्प बसवा, मग काय काय ऐकू आले ते विचारा. शब्बाथ वर्षाच्या नियमात देवाने देशातील वनपशूंचाही वाटा ठेवला आहे (लेवीय २५:७). हे वचन तेथेच, झाडाखाली वाचावे.

नहेम्याचा तट बावन्न दिवसांत पुरा झाला (६:१५). तिसऱ्या अध्यायात बांधणाऱ्यांची लांबलचक यादी आहे. सोनार आहेत, गांधी आहेत, एकाच्या मुलीही आहेत. आसाफ मात्र तेथे नाही. वेशींच्या तुळया त्याच्याच रानातून आल्या असतील. तेव्हा चौकीवर पावती घेताना त्या पहारेकऱ्याचे नाव मुलांना विचारायला सांगा, आणि पुढच्या रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत ते नाव घ्या.