वाघोलीत वाघ नाही

नालासोपाऱ्याजवळ वाघोली आहे. वसई पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी वाघराळपाडा आहे. खाडीपलीकडे घोडबंदर रस्त्यावर वाघबीळ. ही नावं कुठून आली ते जाणकार सांगतील; माझ्या कानाला त्यांत वाघच ऐकू येतो. जमिनीवरून ज्याला उठवलं, तो पाटीवर राहिला.

*

2025 च्या नोव्हेंबरात ताडोब्याची एक वाघीण सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, चांदोलीला आणली. एकूण आठ वाघ आणायला केंद्राची परवानगी आहे. त्याआधी चितळ आणून सोडले होते. पाहुणा येण्याआधी ताट वाढून ठेवावं तसं. पण पाहुणा म्हणण्यात आपलीच लबाडी आहे. सह्याद्रीत वाघ वतनदार. आपण कुळं, जमीन नावावर करून घेतलेली.

*

त्याच चांदोलीत धरणापायी आणि जंगलापायी माणसांची गावं उठली. वाघाच्या परतीचा जमाखर्च मांडताना ही रक्कम खर्चाच्या बाजूला लिहिलीच पाहिजे. वाघाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तर आधी.

*

शिकारी जनावर हवं कशाला? ते नसलं की हरणं कोवळी रोपं चरून काढतात, रानडुकरं माजतात, हे पुस्तकात आहे. अमेरिकेत यलोस्टोनला 1995 मध्ये लांडगे परत सोडले, त्याची कौतुकं आपल्याला तोंडपाठ. उदाहरण लांबचं असलं की टाळी जोरात पडते. बोरिवलीचा बिबट्या रात्री वस्तीच्या कडेची भटकी कुत्री उचलतो. त्यामुळे कुत्रं चावण्याचे प्रकार तिथे कमी होत असावेत, असा अंदाज अभ्यासकांनी 2018 मध्ये मांडला. रेबीजची सुई टळल्याबद्दल बिबट्याचे आभार मानणारा मात्र मला अजून भेटलेला नाही.

*

आश्विन वद्य द्वादशी. आमच्याकडे वसुबारस, गाय-वासराची पूजा. त्याच तिथीला आदिवासी पाड्यांवर वाघबारस. गाय आणि तिला खाणारा, दोघांना एकच दिवस. पंचांग करणाऱ्याला विचारलं तर तो योगायोग म्हणेल. पाड्यावरच्या म्हाताऱ्याला विचारावं.

वारल्यांचा वाघोबा शेंदूर लावून रानाच्या कडेला बसलेला असतो. त्याला नैवेद्य देतात आणि त्याने गुरं-माणसं राखावीत असं मागणं घालतात. भक्ती आहे, पण करारही आहे. आमच्या सोसायटीच्या नियमावलीत असा एकही करार नाही. कुत्र्यांना खायला कुठे घालायचं यावरच तीन बैठका झाल्या.

*

2024 च्या मार्चअखेरीस वसईच्या किल्ल्यात बिबट्या दिसला. पोर्तुगीजांची पडकी चर्च, वडाची मुळं, बुरूज, पलीकडे खाडी: लपायला याहून चांगली जागा नाही. संध्याकाळी फिरायला जाणारे घरी बसले. तीनेक आठवड्यांनी तो पिंजऱ्यात सापडला. चिमाजीआप्पांना 1739 मध्ये हा किल्ला घ्यायला महिने लागले होते. बिबट्या कधी शिरला, कुणालाच कळलं नाही.

'जंगलातून गावात आला,' असं सगळे म्हणत होते. 'गाव जंगलात गेलं' हे वाक्य व्याकरणाने बरोबर आहे, तरी जीभ वळत नाही.

*

परत आणणं वेगळं, नेऊन टाकणं वेगळं. जुन्नरच्या उसातले बिबटे 2001 पासून धरधरून दुसरीकडे सोडले, तेव्हा माणसांवरचे हल्ले वाढले. अनोळखी रानात टाकलेलं जनावर गोंधळतं. बदलीच्या गावी पहिले काही महिने मीही कुणाशी धड बोललो नव्हतो.

*

2009 च्या उन्हाळ्यात नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक वयस्क बिबट्या काढला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि वनखात्याने त्याच्या गळ्यात जीपीएस कॉलर बांधली आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. शांत स्वभावाचा, म्हणून नाव पडलं आजोबा. तो घाटात राहिला नाही. महिन्याभरात सव्वाशेच्या आसपास किलोमीटर चालला. आग्रा महामार्ग ओलांडला, कसाऱ्याचे रूळ ओलांडले, वसईच्या कारखान्यांच्या पट्ट्यातून गेला, खाडी पोहला आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाकडे निघून गेला. वाटेत इतकी माणसं, पण त्याने कुणाला इजा केली नाही.

आमच्या वसईजवळच्या तुंगारेश्वराला 2003 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. नकाशावर ते हिरवं आहे, उद्यानही हिरवं आहे. मध्ये खाडी, दिव्याकडे जाणारा रेल्वेमार्ग, कामणचे कारखाने, घोडबंदर रस्ता. चांदोलीच्या वाघिणीला माणसांनी गाडीतून आणलं. आजोबाला कुणी बोलावलं नव्हतं आणि गाडीही नव्हती. त्याला तेवढीच वाट हवी होती, जितकी आपण पावसाच्या पाण्याला ठेवायला हवी होती आणि ठेवली नाही.

2011 च्या अखेरीस रस्ता ओलांडताना एका वाहनाने त्याला उडवलं. गळ्यातली कॉलर केव्हाच बंद पडली होती. अंगातल्या चिपवरून ओळख पटली.