दृश्य नाद

बहिऱ्या बालकांना संगीत ‘दाखवितां’ येतें काय, हा प्रश्न ऐकून पुष्कळांना हसूं येईल. परंतु १७८७ सालीं जर्मन शास्त्रज्ञ क्लाड्नी यांनीं धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून त्याच्या कडेवर व्हायोलिनचा गज ओढल्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. वाळूच्या रेखीव आकृति उमटल्या आणि कंपनाला डोळ्यांनीं पाहतां येईल असें रूप लाभलें. आज संगणकाच्या पडद्यावर असेंच काम रंग करतात. मात्र दिसला तो नाद. संगीत दिसलें काय? दुसऱ्यानें वाजविलेल्या रागाचे रंग मुलानें मुकाट्यानें पाहावे, यांत मला आपल्याच दयेचें समाधान अधिक दिसतें. त्या मुलानें स्वतः ढोलकीवर थाप मारावी, ती तळहाताला जाणवावी, आणि थापेसरशी पडद्यावर रंग उसळावा, म्हणजे गोष्ट निराळी होते. लय ही कानाचीच मिरास, असें कोणीं ठरविलें? अंध व बधिर हेलन केलर यांनीं १९२४ सालीं रेडिओवरील बीथोव्हेनची नववी सिंफनी ध्वनियंत्राच्या थरथरणाऱ्या चकतीवर हात ठेवून अनुभविली. आपल्या तालांतील खाली तर नुसत्या हाताच्या इशाऱ्यानें दाखवितात. तिला टाळी नसते. बहिऱ्या मुलांना ताल शिकवितांना तेथूनच आरंभ कां करूं नये?