वीस अंक खर्चासाठीच असतात

चि. बंड्यास,


तुझं पत्र आणि सोबतची डेकची यादी मिळाली. दुकानातली पहिलीच स्पर्धा, तीही मॉडर्नची, आणि तू थेट निळा-पांढरा कंट्रोल डेक घेऊन बसलास, हे वाचून मावशीला बरं वाटलं. चार राउंडांपैकी एक जिंकलास, एक हरलास, दोन बरोबरीत सुटले. ‘मी समोरच्याचं जवळजवळ काहीच चालू दिलं नाही, तरी असं का?’ असं तू विचारतोस. काहीच चालू दिलं नाहीस, म्हणूनच असं झालं.

ताई हे पत्र वाचणारच, तेव्हा आधी तिच्यासाठी थोडक्यात. मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचला आणि १९९३ साली सिएटलच्या परिसरातल्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने बाजारात आणला. म्हणजे बंड्या शिकायला गेलाय तो त्या खेळाच्याच गावी. यात प्रत्येकजण किमान ६० पत्त्यांचा डेक स्वतः जुळवून आणतो. हातात ७ पत्ते घेऊन सुरुवात होते, आणि दोघांकडे २०-२० अंकांचं आयुष्य असतं. ते शून्यावर आलं की डाव संपला. काही डेक पहिल्या पाळीपासून मारत सुटतात. कंट्रोल डेक समोरच्याचे पत्ते रद्द करतो, टेबलावर उतरलेले मारतो, मधल्या वेळात स्वतः जास्तीचे पत्ते ओढतो आणि समोरचा रिकामा झाला की मग जिंकायला निघतो.

आता तुझ्याकडे वळते. काऊंटरस्पेल हा पहिल्या संचापासूनचा पत्ता. दोन निळे मॅना (लँड या पत्त्यांतून मिळणारी शक्ती) मोजले की समोरच्याचं जवळपास कुठलंही स्पेल, म्हणजे खेळलेला पत्ता, रद्द. सगळं अडवता येतं म्हटल्यावर सगळं अडवायचा मोह होतो. दुसऱ्याच पाळीला आलेलं दोन ताकदीचं क्रिएचर तू काऊंटर केलंस, तिसऱ्या पाळीचंही केलंस, आणि खरा पत्ता आला तेव्हा तुझ्या हातात नुसत्या लँड उरल्या होत्या.

हाच डाव वेगळा मांडून बघ. समोरचा आधी खेळतोय. दुसऱ्या पाळीला त्याने ते क्रिएचर टाकलं, तू टाकू दिलंस. तिसऱ्या पाळीला त्याने २ मारले आणि तसंच दुसरं उतरवलं. चौथ्या पाळीला दोघांनी मिळून ४ मारले आणि तिसरं उतरलं. तुझे १४ उरले. आता तुझी चौथी पाळी, चार लँड, रॅथ ऑफ गॉड: टेबलावरची सगळी क्रिएचर साफ. त्याचे तीन पत्ते गेले, तुझा एक गेला, आणि दोन्ही काऊंटर अजून तुझ्या हातात आहेत. एवढ्या कमाईसाठी तू ६ अंक मोजलेस. यापेक्षा स्वस्त सौदा या खेळात फारसा मिळत नाही. मेंढीकोटात मेंढी नसलेल्या हातावर हुकूम वाया घालवणाऱ्याकडे आजी कशी बघायची, ते तुला आठवत असेलच.

मात्र रॅथच्या भरवशावर बेसावध राहू नकोस. डेकमध्ये चार रॅथ ठेवलेस आणि दुसरा खेळतोयस, तर चौथ्या पाळीपर्यंत तुझ्या नजरेखालून ११ पत्ते जातात. त्यांत निदान एक रॅथ असण्याची शक्यता साधारण ५७ टक्के, म्हणजे निम्म्याहून जेमतेम जास्त. म्हणून पाथ टू एक्झाइलसारखे एका मॅनाचे पत्ते हवेत. तेही दिसेल त्या क्रिएचरवर टाकायचे नाहीत.

काय सोडायचं आणि काय अडवायचं हे ऐनवेळी ठरवू नकोस. समोरच्याच्या पहिल्या दोन-तीन लँडवरून त्याचा डेक ओळखता आला, की लगेच मनात ठरव: यातले कोणते पत्ते मला खरोखर हरवू शकतात? बहुधा दोन-तीनच निघतात. काऊंटर त्यांच्यासाठी. बाकीचं येऊ दे. याचा आणखी एक फायदा आहे. प्रत्येक स्पेलवर तू लँडकडे बघत विचारात पडलास, तर तुझ्या हातात काऊंटर आहे की नाही हे समोरच्याला न सांगता कळतं. आधीच ठरलेलं असेल, तर ‘चालेल’ म्हणायलाही तुला तेवढाच वेळ लागतो आणि ‘काऊंटर’ म्हणायलाही तेवढाच.

माईक फ्लोरेस या खेळाडू-लेखकाचा ‘हूज द बीटडाउन?’ हा १९९९ सालचा लेख मिळाला तर जरूर वाच. त्याचं म्हणणं असं, की कुठल्याही लढतीत एकाने चढाई करायची असते आणि दुसऱ्याने ती थोपवायची असते, आणि जो आपली भूमिका चुकीची ओळखतो तो हरतो. तुझ्या डेकचं नाव कंट्रोल आहे म्हणून दर वेळी थोपवण्याचं काम तुझंच, असं नाही. तुझ्याहून संथ आणि तुझ्याहून जास्त पत्ते ओढणारा डेक समोर आला, तर थांबण्यात त्याचा फायदा. तिथे रॅथ काढून साइडबोर्डच्या, म्हणजे राखीव, १५ पत्त्यांमधून काही चढाईचं आत आण आणि आधी हल्ला कर.

आता त्या दोन बरोबऱ्या. विजयाचे ३ गुण, बरोबरीचा १. दोन बरोबऱ्यांऐवजी एक सामना जिंकून दुसरा हरला असतास, तरी एक गुण जास्त मिळाला असता. यादी बघितली आणि कारण कळलं: जिंकवणारा पत्ता म्हणून तुझ्याकडे फक्त टेफेरी, हीरो ऑफ डोमिनारिया आहे. पाच मॅनाचा, २०१८ सालचा, फार ताकदीचा. पण त्याची जुनी खोड तू उचललीस: टेफेरीने टेफेरीलाच परत डेकमध्ये सारत राहायचं, आणि समोरच्याचे पत्ते संपायची वाट बघायची. डाव हातात आलेला असतो, पण घड्याळ चालू असतं. राउंड ५० मिनिटांचा, त्यात तीन डाव बसवायचे. वेळ संपला की दोघांत मिळून पाच पाळ्या, आणि मग डाव १-१ असतील तर बरोबरी.

नव्वदच्या दशकात ब्रायन वाइसमनचा ‘द डेक’ नावाचा कंट्रोल डेक गाजला. जास्तीच्या पत्त्यांनी समोरच्याला दमवायचं, हा विचार त्याने रुजवला. जिंकायला त्यात सेरा एंजल होत्या: उडणाऱ्या, ४ ताकदीच्या, म्हणजे पाच हल्ल्यांत २०. तू टेफेरी ठेव, पण सोबत दोन बेनस्लेयर एंजल घाल. ५ ताकद, चार हल्ल्यांत काम होतं, आणि प्रत्येक हल्ल्यात तुझे ५ अंक वाढतात. पहिला डाव हातातून गेलाच असेल तर चिवटपणे लांबवू नकोस. हार मान आणि ती दहा मिनिटं पुढच्या दोन डावांना दे.

याच्या उलटचा मोह मात्र कधी होऊ देऊ नकोस. पहिला डाव जिंकलास, तर दुसरा अर्धवट राहिला तरी सामना तुझाच. म्हणून मुद्दाम रेंगाळणं ही सरळ फसवणूक आहे, आणि त्यासाठी स्पर्धेतून बाद करतात. विचार समोरच्याच्या पाळीत करून ठेव. कंट्रोलसमोर बसणाऱ्याची संध्याकाळ तशीही फार मजेची नसते. निदान ती लवकर संपव आणि हसून हात मिळव.

पुढच्या शुक्रवारच्या स्पर्धेत प्रत्येक डावानंतर एक आकडा लिहून ठेव: शेवटी तुझे किती अंक उरले. हरलेल्या डावांची चर्चा आपण करूच. पण एखादा डाव तू १८ अंक राखून जिंकलास, तर तो मला आधी कळव. तिथे कुठले पत्ते उगाच खर्च झाले, ते मला बघायचंय.

तुझी,
मावशी