निराधार जिना

निराधार विधानाची उपेक्षा होते, निराधार माणसाची कीव केली जाते. निराधार जिन्यापुढे मात्र माणसे हात जोडतात. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, सान्ता फे येथील लोरेटो चॅपेलमध्ये असा एक जिना आहे. १८७८ मध्ये चॅपेल पूर्ण झाले, पण गायकवृंदाच्या सज्जावर जाण्यास वाटच नव्हती. आख्यायिका अशी की, धर्मभगिनींनी संत जोसेफाची नऊ दिवस प्रार्थना केली, कोणी अनोळखी सुतार आला, जिना उभारून मजुरी न घेताच निघून गेला. जोसेफ स्वतः सुतारच. तेव्हा तो सुतार कोण, हे भाविकांना निराळे सांगावे लागले नाही.

जिना खरोखरच देखणा आहे. तेहतीस पायऱ्या, दोन पूर्ण वेढे, मध्ये खांब नाही, लोखंडी खिळा नाही. जोडणी सारी लाकडी खुंट्यांची. परंतु ‘आधार नाही’ असे म्हणताना पाहणारा केवळ खांब शोधत असतो. पायऱ्यांना आतल्या कडेने धरणारी वळणदार लाकडी पट्टी इतक्या आवळ वेढ्यात फिरते की, मधल्या खांबाचे काम तीच करते. शिवाय एक लोखंडी आधारपट्टी जिन्याला शेजारच्या खांबाशी जखडून ठेवते. आरंभी त्याला कठडाही नव्हता. तो १८८७ मध्ये बसवला गेला. चढउतार करणाऱ्यांना त्यापूर्वी काय वाटत असेल, याविषयी आख्यायिका मौन पाळते.

ग्रीनिचच्या क्वीन्स हाउसमधील इनिगो जोन्सचा सतराव्या शतकातील दगडी जिनाही असाच अधांतरी भासतो. तेथे प्रत्येक पायरी एका टोकाने भिंतीत रुतलेली असते. पण तिचा भार मुख्यतः खालच्या पायरीवर येतो. भिंत तिला केवळ कलंडू देत नाही. म्हणजे ज्या पायरीवरून पाऊल उचलले, तीच पुढच्या पायरीला तोलत असते, आणि चढणाऱ्याची दृष्टी तर वर लागलेली असते.

आधार न दिसणे हा कारागिरीचा गुण होय; आधार नाकारणे हा मात्र नैतिक प्रश्न आहे. लोरेटोच्या जिन्याचा कर्ता फ्रान्स्वा-झाँ रोशा हा फ्रेंच सुतार असावा, असे संशोधनातून पुढे आले. १८९५ च्या जानेवारीत सान्ता फेच्या वृत्तपत्रात त्याची मृत्युवार्ता आली, तीत या जिन्याचा उल्लेख आहे. किंबहुना त्याच्या हयातीच्या आसपास गावाला हे ठाऊक होते, विस्मरण नंतरचे. चमत्काराने देवाच्या पदरात फारसे काही पडले नाही, पण एका माणसाचे नाव मात्र गेले.

अर्थात धर्मभगिनींना खोटे ठरवण्याचे कारण नाही. अडलेल्या कामी कोणी कुशल हात लाभला, तर त्याला प्रार्थनेचे फळ मानणे ही कृतज्ञताच आहे, आणि फळ मानले म्हणून हात पुसून टाकावा लागत नाही. दोष असलाच तर तो पुढे कथा सांगणाऱ्यांचा. त्यांना सुतार हवा होता, पण बिननावाचा आणि बिनमजुरीचा. धर्मभगिनींच्या स्वतःच्या वहीत १८८१ सालची एक नोंद आहे: लाकडासाठी रोशा यास दीडशे डॉलर दिले.